सगळं छापलेलं असताना पियानोवादकाचं स्वतःचं काय?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी बेथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग बसवते आहे. तिच्या बाई म्हणतात, छापलंय तसं वाजव. यूट्यूबवर ऐकायला जावं तर एक वादक तो भाग पाच मिनिटांत संपवतो, दुसरा सात मिनिटांच्या घरात जातो, आणि पेडल तर प्रत्येक जण वेगळंच वापरतो. मग ‘छापलंय तसं’ म्हणजे नेमकं कसं? सूर, लय, जोर सगळं नोटेशनमध्ये लिहिलेलं असताना वादकाचं स्वतःचं काय उरतं? आणि शेवटी जरा संकोचून विचारलंय: ही परंपरा आपली नाही, तर पुण्यात शिकणाऱ्या मुलीने बेथोव्हनबद्दल स्वतःचं मत धरावं का?

मी पियानो वाजवते आणि बरीच वर्षं शिकवते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: धरावं, नक्की धरावं. पण मत कशाबद्दल धरायचं हे कळायला पान नीट वाचावं लागतं, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. आपल्याकडे पद्धत अशी पडली आहे की आधी सूर पाठ करायचे, बोटं बसवायची आणि परीक्षा महिन्यावर आली की त्यावर ‘एक्स्प्रेशन’ घालायचं. इथे थोडं हळू, तिथे थोडं मोठं. असं वरून घातलेलं वेगळेपण ऐकताना लगेच उघडं पडतं. खरं वेगळेपण त्याच्या फार आधी सुरू होतं. कागद जिथे गप्प असतो, किंवा कागदावरच्या दोन खुणा एकमेकींना छेद देतात, तिथे वादकाला काहीतरी ठरवावंच लागतं. एका रचनेत अशा जागा पावलोपावली असतात. न ठरवता पुढे गेलं तरी ऐकणाऱ्याच्या कानावर काहीतरी एक पडतंच. म्हणजे निर्णय झालेला असतो, फक्त तो सवयीने घेतलेला असतो.

मूनलाइटचंच पान उघडू या. हा सोनाटा 1801 सालचा. ‘मूनलाइट’ हे नाव बेथोव्हनने दिलेलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर रेलश्टाब नावाच्या लेखकाने केलेल्या वर्णनावरून ते चिकटलं. बेथोव्हनने स्वतः फक्त ‘सोनाटा क्वासी ऊना फांतासिया’ म्हटलं, म्हणजे साधारण मुक्त कल्पनेच्या अंगाने जाणारा सोनाटा. हे आधी सांगते, कारण चांदणं डोक्यात घेऊन बसलेला विद्यार्थी पहिल्या सुरापासूनच लय खाली ओढतो.

आता पानावर काय आहे ते बघा. एक सूचना आहे ‘अदाजो सोस्तेनुतो’, सावकाश आणि सूर धरून. तिच्या शेजारी तालाची खूण आहे: इंग्रजी सी अक्षर आणि त्यातून गेलेली उभी रेघ. या रेघेचा अर्थ असा की बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तालाच्या एका घरात, चार नाही, दोन मात्रा मोजायच्या. विद्यार्थी पहिली सूचना वाचतात आणि रेघ सोडून देतात. चार मोजले की उजव्या हातातल्या तीन-तीन सुरांच्या प्रत्येक गटावर पाय आपटल्यासारखा होतो आणि सगळंच जड होतं. दोन मोजले की तेच गट वाहायला लागतात आणि कान आपोआप डाव्या हाताकडे जातो. डाव्या हातात पहिल्या बारला सी शार्प आहे, दुसऱ्याला बी. दोन्ही पूर्ण बारभर धरायचे. तिसऱ्या बारमध्ये मात्र ए आणि एफ शार्प असे दोन सूर येतात आणि चौथ्यात जी शार्प. म्हणजे आधी बारला एक पाऊल, मग बारला दोन. उतरणाऱ्या या बेसची, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांची, चाल कानाला एका ओळीसारखी ऐकू आली पाहिजे. ती ओळ तुटेल इतकं हळू वाजवलं तर ते ‘सावकाश’च्या पलीकडे गेलं. आणि बेस चालतोय हे कळतंय, तरी घाई नाही, असा जो पट्टा उरतो तो पुरेसा रुंद आहे. पाच मिनिटंवाला आणि सहा मिनिटंवाला दोघंही त्यात मावतात. सातच्या पुढे जाणाऱ्यांचं वादन मला स्वतःला पटत नाही, मग नाव कितीही मोठं असो.

पेडलचा प्रश्न याहून अवघड. या भागावर बेथोव्हनने स्पष्ट लिहिलंय की हा सगळा तुकडा अत्यंत नाजूकपणे आणि ‘सेन्झा सोर्दिनो’ वाजवावा. सोर्दिनो म्हणजे इथे डॅम्पर, तारांवर बसून आवाज थांबवणारे लोकरी तुकडे. ते उचललेले ठेवा, असं तो सांगतो. आजच्या भाषेत उजवं पेडल दाबलेलं ठेवा. सगळ्या तुकड्यात? शब्दशः बघितलं तर हो. पण 1801 च्या व्हिएन्नातला पियानो लाकडी चौकटीचा, तारा बारीक, हातोड्या लहान आणि चामडं लावलेल्या. त्याचा आवाज पटकन विरत असे. एकात एक मिसळणारे सूर तिथे धुरकट वाटत, गिचमिड होत नसत. आजच्या ग्रँड पियानोला ओतीव लोखंडी चौकट आहे, हातोड्यांना नमदा आहे आणि सगळ्या तारांचा मिळून ताण वीस टनांच्या आसपास जातो. त्याचा सूर रेंगाळतो. त्यावर पेडल धरून ठेवलं की तिसऱ्या बारपर्यंत चिखल होतो. बेथोव्हनचाच शिष्य चेर्नी, त्याने पुढे लिहून ठेवलं की प्रत्येक नव्या बेसबरोबर पेडल बदलावं. उलट आजच्या काळातला पियानोवादक आंद्राश शिफ म्हणतो की लिहिलंय ते लिहिलंय. तो पेडल धरूनच ठेवतो, दोन मात्रांनी हलकं चालतो आणि मिसळणाऱ्या सुरांचा तो धुरकटपणा मुद्दाम ऐकू देतो.

या दोघांत बेथोव्हनशी प्रामाणिक कोण? एक त्याच्या शब्दाला जागतो, दुसरा त्याच्या कानाला जे ऐकू येत असावं त्याला. मी तिसरी वाट धरते, आणि माझ्याकडे शिकणारे बरेच जण तिथेच येऊन पोहोचतात: अर्धं पेडल. नवा बेस आला की पाय पूर्ण वर घ्यायचा नाही, किंचित सैल सोडायचा. डॅम्पर तारांना जेमतेम शिवतात. वरच्या बारीक तारा लगेच गप्प होतात, खालची जाड तार बरीचशी वाजत राहते. मागचा रंग थोडा उरतो, पण कोंदत नाही. किती सैल सोडायचं हे मात्र कुणी लिहून देऊ शकत नाही. ते त्या पियानोवर, त्या खोलीत, त्या दिवशी कानाने ठरवायचं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पेडलची खोलीही बदललेली असते. मार्चमध्ये बसवलेला पाय जुलैत चालत नाही. आणि घरी साधा डिजिटल पियानो असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. त्याबरोबर येणारं चौकोनी डबीसारखं पेडल बहुतेकदा नुसतं चालू-बंद बटण असतं. त्यावर अर्धं पेडल होतच नाही, त्यामुळे मुलीला हा प्रश्न कधी ऐकूच येणार नाही. आठवड्यातून एकदा तरी तिला खऱ्या पियानोवर बसवा.

आता सुरावट. पाचव्या बारच्या शेवटी वरचा सूर येतो. जी शार्प, तोच सूर पुन्हा, आणि पुढच्या बारवर पुन्हा तोच. तीनदा एकच पट्टी. ती वाजवायची करंगळीने, हातातल्या सर्वांत दुबळ्या बोटाने, आणि त्याच हाताची बाकीची बोटं तीन-तीन सुरांची साथ चालू ठेवतात. पान म्हणतं पियानिस्सिमो, अगदी हळू. साथही हळू, सूरही हळू. तरी सूर वर तरंगला पाहिजे. किती वर? थोडाच वर ठेवला तर तो साथीतून उमटल्यासारखा वाटतो, जास्त वर काढला तर कुणीतरी गातंय आणि मागे साथ चालू आहे असं वाटतं. दोन्हींत अर्थ वेगळा. मग सोळाव्या बारमध्ये वरचा सूर बी वरून सी नॅचरलवर सरकतो आणि खाली धरलेल्या बी ला घासतो. या घासण्यावर रेलायचं, की काही झालंच नाही असं शांतपणे जाऊ द्यायचं? मी रेलते, आवाज न वाढवता, सी नॅचरल यायच्या आधी श्वासभर उशीर करून. माझ्या ओळखीचे एक फार चांगले वादक तिथे लय तसूभरही हलवत नाहीत आणि त्यांचं ऐकताना अंगावर काटा येतो.

लय, पेडल, करंगळीचं वजन, एका घासणाऱ्या सुरापुढची वागणूक. पहिल्या सोळा-सतरा बारमध्ये इतकं ठरवावं लागलं आणि यातला एकही निर्णय कागदाविरुद्ध गेलेला नाही. मुलीच्या बाई ‘छापलंय तसं’ म्हणतात तेव्हा त्या चुकीचं सांगत नाहीत. छापलंय तसं वाजवायला गेलं की हे सगळे प्रश्न अंगावर येतात, एवढंच त्यांनी पुढे सांगायला हवं.

ख्याल ऐकून कान तयार झालेल्या माणसाला इथे एक अडचण येते. बंदिश दोन-चार ओळींची, बाकीचा डोलारा गाणाऱ्याचा. त्यामुळे सगळे सूर आधीच ठरलेले असतील तर कलाकाराला जागा कुठे, असं वाटणं साहजिक आहे. त्यात पियानोला मींड नाही, गमक नाही. पट्टी दाबली, हातोडी तारेवर आदळली की त्या सुरावरचा वादकाचा हक्क संपला. तो नंतर फुलवता येत नाही, हलवता येत नाही, तो फक्त विरत जातो. वादकाच्या हातात राहतं ते दोन सुरांमधलं नातं. हा सूर शेजारच्यापेक्षा किती हलका, किती उशिरा, मागच्याला चिकटून की सुटा, कॉर्डमधल्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यातल्या, चार सुरांत कोणता वर. ज्याला व्हॉइसिंग म्हणतात ते हेच शेवटचं. दहा बोटांनी एकाच वेळी वाजवलेल्या कॉर्डमध्ये एकेका बोटाला वेगळं वजन देणं हे पियानोवादकाचं अर्धं आयुष्य असतं. दोन मोठ्या वादकांचा ‘टोन’ वेगळा वाटतो त्याचं कारण बरंचसं इथे सापडतं.

‘छापलंय तसं’ म्हणताना कोणी छापलंय, हेही विचारायला हवं. बाखच्या 1722 च्या संग्रहातलं पहिलं सी मेजर प्रील्यूड जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी वाजवतो. बाखच्या हस्ताक्षरात त्यावर लय लिहिलेली नाही, जोर लिहिलेला नाही, स्लरही, म्हणजे सूर जोडून वाजवायच्या कमानीही, नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी, त्यांत चेर्नीही आला, त्यावर आपल्या मनाने लय आणि चढउतार घातले, आणि ते आजही फोटोकॉपीतून फिरतात. एवढंच नाही, जुन्या अनेक आवृत्त्यांत 22 आणि 23 या बारच्या मध्ये एक जादा बारसुद्धा आहे. तो बाखचा नाही, श्वेंके नावाच्या संगीतकाराशी त्याचा संबंध लावतात. गुनोने याच प्रील्यूडवर आपला ‘आवे मारिया’ रचला तो या जादा बारसकट, त्यामुळे लग्नात-चर्चमध्ये तो ऐकलेल्याला मूळ प्रील्यूड ऐकताना काहीतरी गळल्यासारखं वाटतं. तेव्हा पहिला खर्च अर्टेक्स्ट आवृत्तीवर करा, म्हणजे संगीतकाराचं काय आणि संपादकाचं काय हे वेगळं दाखवणारी प्रत. दुसऱ्याच्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मताला मूळ आज्ञा समजून मुलं पाळत बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि संगीतकाराच्या स्वतःच्या खुणाही नेहमी पुरत नाहीत. याचं माझं आवडतं उदाहरण डेब्यूसीचं. 1910 च्या प्रील्यूडांच्या पहिल्या संग्रहातलं दहावं, पाण्याखाली गेलेल्या कॅथीड्रलचं. छापील पानावर सुरुवातीला तालाच्या दोन खुणा शेजारी-शेजारी आहेत, 6/4 आणि 3/2, आणि पुढे त्यांचं एकमेकींशी नातं काय हे नीट लिहिलेलं नाही. लोक एकाच संथ लयीत वाजवत राहिले. मधला मोठा कॉर्डांचा भाग त्यामुळे संपता संपत नसे. पण डेब्यूसीने स्वतः हे प्रील्यूड वेल्टे कंपनीच्या पियानो रोलवर, म्हणजे वादन भोकांच्या रूपात टिपणाऱ्या कागदी गुंडाळीवर, वाजवून ठेवलं आहे. त्यात सातव्या ते बाराव्या बारमध्ये आणि पुन्हा 22 पासून 83 पर्यंत तो सरळ दुप्पट लयीत जातो. कागदावरची अर्धी नोट म्हणजे आधीची पाव नोट, असा त्याचा हिशोब. रोल ऐकल्यावर रचनेची सगळी घडणच बदलते: चर्च पाण्यातून वर येतं ते रखडत नाही, उसळून येतं. आता नव्या संशोधित आवृत्तीत ही नोंद आली आहे. पण कित्येक दशकं जगभरचे प्रामाणिक वादक ‘छापलंय तसं’ वाजवूनच डेब्यूसीपासून दूर गेले होते.

शोपँकडे गेलं की प्रश्न आणखी नाजूक होतो. त्याचे मझुर्का, म्हणजे पोलिश नाचावर बेतलेल्या रचना, तीन मात्रांचे. लेन्त्स नावाच्या शिष्याने लिहून ठेवलेला प्रसंग आहे. ओपस 33 मधल्या सी मेजर मझुर्काचा धडा चालू असताना संगीतकार मायरबीर आला, ऐकत बसला आणि म्हणाला की हे तर दोन मात्रांचं आहे. शोपँ चिडला, पेन्सिलने ताल ठोकत तीनच आहेत म्हणून सांगत राहिला, शेवटी स्वतः बसून मोठ्याने मोजत वाजवू लागला. मायरबीर हटला नाही. दुसरीकडे चार्ल्स हॅले या पियानोवादकाने शोपँला सांगितलं होतं की तुम्ही वाजवता तेव्हा तीनच्या चार मात्रा होतात. शोपँने आधी ते साफ नाकारलं. मग हॅलेने त्याच्या वादनावर मोठ्याने चार मोजून दाखवले, तेव्हा शोपँ हसला आणि म्हणाला, या नाचाचा तो राष्ट्रीय स्वभावच आहे.

म्हणजे एकाच माणसाच्या वादनात एका तज्ज्ञाला दोन मात्रा ऐकू आल्या, दुसऱ्याला चार, आणि लिहिणारा स्वतः तीनवर ठाम. बारमधली एखादी मात्रा ताणली जाते, पुढची आखडते, आणि हे किती आणि कधी, ते कोणत्याही नोटेशनमध्ये बसत नाही. त्यातच शोपँ एकच रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन अशा तीन ठिकाणी छापायला देई, आणि तिन्हींत फरक राहत. शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने तो नव्या तानाही लिहून देई. एकच अंतिम पाठ त्याच्या बाबतीत शोधून सापडत नाही. रुबाटोबद्दल, म्हणजे लय ताणण्या-आखडण्याबद्दल, मात्र त्याच्या शिष्यांच्या आठवणी एकमेकांशी बऱ्याच जुळतात: डावा हात लय सांभाळणारा, उजवा मोकळा. मुलांना मी हे आधी डावा हात एकटा मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, बसवून शिकवते. दोन्ही हात मिळून डोलायला लागले की रुबाटोचं झोकांडी खाणं होतं.

आणि इथेच ‘परंपरा आपली नाही’ या संकोचाचं उत्तर आहे. वॉर्सातली शोपँ स्पर्धा 1927 पासून चालते. 1955 साली तिथे मझुर्कांचं खास पारितोषिक शांघायच्या फू त्सोंगला मिळालं. पोलंडच्या मातीतला नाच, परीक्षक बहुतेक युरोपातले, आणि तो नाच सर्वांत पटलेला एका चिनी तरुणाच्या हातून. 1980 साली स्पर्धा जिंकली व्हिएतनामच्या डांग थाय सोनने. आशियातला तो पहिला विजेता. युद्धाच्या काळात त्याचं शिक्षण हनोई सोडून खेड्यात हलवलेल्या संगीतशाळेत झालं होतं. त्यानंतर यादीत आशियाई नावं येत राहिली. तेव्हा मुलगी पुण्यात राहते हे कारण पुरेसं नाही. तिने मझुर्काचं पाऊल कसं पडतं ते पाहिलं का, पोलिश लोकनर्तकांची एखादी चित्रफीत लावून त्यावर चालून बघितलं का, हे मी विचारीन. गोव्यात कित्येक पिढ्यांनी चर्चच्या शाळांत सोलफेज (स्वरांची नावं घेत गाणं) आणि व्हायोलिन शिकून हे संगीत घरचं केलं. घरचं होणं हे सहवासाने होतं.

1980 ची ती स्पर्धा आणखी एका कारणासाठी गाजली. युगोस्लाव्हियाचा इवो पोगोरेलिच तिसऱ्या फेरीत बाद झाला. त्याच्या लयी, त्याचे जोर इतके वेगळे होते की परीक्षकांत उभी फूट पडली. मार्था आर्गेरिच, 1965 ची विजेती, त्याला प्रतिभावंत म्हणून परीक्षकपद सोडून निघून गेली. त्याही आधी, 6 एप्रिल 1962 ला, न्यूयॉर्कला ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) सुरू होण्यापूर्वी वाद्यवृंदाचा संचालक लेनर्ड बर्नस्टाइनने श्रोत्यांना सांगितलं होतं की पियानोवादक ग्लेन गूल्डच्या या संथ लयीशी आणि ब्राम्सच्या खुणांपासून दूर जाण्याशी मी पूर्ण सहमत नाही, तरी त्याचा विचार ऐकण्यासारखा आहे म्हणून मी साथ करतोय. मला बर्नस्टाइनची ही वागणूक फार मोलाची वाटते. मत पटलं नाही, पण ते मत आहे हे त्याने ओळखलं.

मग सीमा कुठे? संगीतकारांनी आपल्या परीने ती आखून ठेवली आहे. 1816 साली चेर्नीने बेथोव्हनच्या एका रचनेत आपल्या पदरचे सूर घातले, तेव्हा बेथोव्हन सगळ्यांसमोर भडकला. नंतर त्याने पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली, पण त्यातही सांगितलं की तू एरवी कितीही सुंदर वाजवलंस तरी लिहिणाऱ्याला आपलं लिहिलंय तसंच ऐकायला आवडतं. एका हाताने वाजवणाऱ्या विट्गेनश्टाइनसाठी रावेलने कॉन्चेर्टो लिहिला, विट्गेनश्टाइनने त्यात फेरफार केले, आणि दोघांत बिनसलं. मी या बाबतीत संगीतकारांच्या बाजूची आहे. सूर बदलायचे नाहीत. लिहिलेली खूण मोडायची असेल तर दोन अटी: ती तिथे का आहे हे आधी तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि मोडल्याचं कारण त्याच रचनेत दुसरीकडे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ‘मला असं वाटतं’ हे कारण मी वर्गात मान्य करत नाही.

खरं पाहता, गंभीर वादकांचे मोठे मतभेद खुणा मोडण्यावरून फारसे होतच नाहीत. शूबर्टचा शेवटचा बी फ्लॅट सोनाटा घ्या. सप्टेंबर 1828 मध्ये पुरा झाला, नोव्हेंबरमध्ये शूबर्ट गेला. पहिल्या भागाची सुरुवात शांत, प्रार्थनेसारखी, आणि आठव्या बारला अगदी खालच्या पट्टीत, पियानिस्सिमो, जी फ्लॅटवर एक थरथर येते. मग स्तब्धता. त्या थरथरीने काय होतं हे समजून घेण्यातच अख्खा सोनाटा आहे. पहिला खंड संपल्यावर पुन्हा सुरुवातीला जायची खूण आहे, आणि त्या पुनरावृत्तीसाठी शूबर्टने नऊ वेगळे बार लिहिलेत, जे पुन्हा कुठेही येत नाहीत. त्यांत तीच थरथर फोर्टिस्सिमोत, कडाडून येते. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल ही पुनरावृत्ती घेत नसे. त्याच्या मते ते बार बाकीच्या भागाशी विसंगत आहेत, आणि दूरवरची ती थरथर एकदा मोठ्याने बाहेर पडली की तिचं गूढ जातं. शिफसारख्यांचं म्हणणं नेमकं उलटं: संगीतकाराने मुद्दाम लिहिलेला अवयव कापायचा अधिकार कोणाला नाही. तिसरा पियानोवादक रिश्टर पुनरावृत्ती घेतो आणि लय इतकी संथ ठेवतो की हा एकच भाग चोवीस-पंचवीस मिनिटं चालतो. तिघांनीही तेच पान वाचलंय, आणि तिघांनाही त्या एका थरथरीबद्दल काहीतरी म्हणायचंय. मी पुनरावृत्ती घेते. तो कडाड ऐकल्यावर परत आलेली पहिली ओळ मला तितकी निर्धास्त वाटत नाही, आणि मला ती तशीच हवी असते.

माणूस स्वतःही बदलतो. गूल्डने बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स 1955 ला रेकॉर्ड केले आणि पुन्हा 1981 ला. सुरुवातीचा आरिया पहिल्यात दोन मिनिटांच्या आत संपतो, दुसऱ्यात तीन मिनिटं घेतो. रुबिनश्टाइनने शोपँचे मझुर्का तीन वेळा ध्वनिमुद्रित केले, आणि तिन्ही वेगळे आहेत. तेव्हा मुलीचा आजचा निर्णय जन्माला पुरला पाहिजे असं काही नाही. पण आजच्या वादनात तो शेवटपर्यंत टिकला पाहिजे. पहिल्या पानावर दोन मात्रांनी चालणारी मूनलाइट तिसऱ्या पानावर चार मात्रांची झाली, तर तिथे विचार सुटलेला असतो.

प्रत्यक्ष कामाचं सांगते. पहिले काही आठवडे यूट्यूब बंद. ऐकून बसवलेली रचना दुसऱ्याच्या निर्णयांसकट हातात उतरते आणि मग ती काढता काढता नाकी नऊ येतात. आधी डावा हात एकटा वाजवून बेसची ओळ गायची, तोंडाने, सूर बरा नसला तरी. श्वास कुठे घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. ओळीचा शेवट कुठे हे गळा बोटांपेक्षा लवकर सांगतो. जिथे शंका येईल तिथे उत्तर लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. ‘इथे का वाढवायचं?’ ‘हा सूर आधीच्या वेळी नव्हता, आता का?’ माझ्याकडच्या मुलांची पानं अशा प्रश्नांनी भरलेली असतात, आणि खोडरबर वापरायला मी त्यांना मनाई करते. मग एकाच आठ बारचे दोन उलटे प्रयोग मुद्दाम करायचे: एकदा घासणाऱ्या सुरावर रेलून, एकदा सरळ जाऊन. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायचे, लगेच नाही. वाजवताना मनात जे होतं ते वाजवल्या वाजवल्या ऐकलं तर तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी जे खरंच वाजलंय ते ऐकू येतं. बहुतेक मुलांना धक्का बसतो तो इथे: आपण केलेला फरक ऐकूच येत नाही, तो निम्मा राहिलेला असतो. पियानोवर जे सांगायचं ते खोलीच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल इतकं ठळक करावं लागतं.

एवढं झालं की मग मोठ्यांना ऐकायचं, चार-पाच जणांना, समोर पान ठेवून, आणि एका वेळी एकाच गोष्टीसाठी. आज फक्त पेडल, उद्या फक्त बेस. सगळं एकदम ऐकलं की ‘हा छान, तो बोअर’ याच्या पुढे मुलं जात नाहीत. एकाच गोष्टीसाठी ऐकलं की पियानोवादक श्नाबेलने 1930 च्या दशकात केलेली निवड आणि शिफची निवड यांतला फरक त्यांना स्वतःला सांगता येतो, आणि आपली निवड या दोघांच्या कुठे बसते तेही.

शेवटी परीक्षेची भीती, कारण बाईंच्या ‘छापलंय तसं’मागे बहुतेकदा तीच असते. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रत्यक्ष परीक्षेत प्रत्येक रचनेला 30 गुण असतात, उत्तीर्ण व्हायला 20 लागतात, आणि परीक्षक सूर, लय, टोन, घडण आणि एकूण सादरीकरण या अंगांनी ऐकतो. त्यांच्याच नियमांत म्हटलंय की छापलेले बोटांचे क्रमांक, मेट्रोनोमचे आकडे आणि संपादकाने सुचवलेली अलंकारांची उकल ही फक्त मार्गदर्शनासाठी आहेत, तंतोतंत पाळायचं बंधन नाही. चौकोनी कंसात जे असतं ते संपादकाचं असतं. मुलीला पान घेऊन बसवा, कंसातलं आणि कंसाबाहेरचं दोन वेगळ्या रंगांनी खुणवायला सांगा. कंसाबाहेरचं तिने पाळायचं. कंसातलं वाजवून बघायचं, पटलं तर ठेवायचं, नाहीतर बाईंना विचारून बदलायचं, आणि का बदललं ते त्यांना वाजवून दाखवायचं.